हे कोण मागतंय?

काकांच्या घरी मी भाडेकरू म्हणून गेले तेव्हा त्यांनी मला खोलीत काय आहे ते दाखवलं नाही, काय नाही ते दाखवलं. "पलंग नाही, कपाट नाही, आरसा नाही, भिंतीला खिळा एकही नाही," ते एकेका भिंतीकडे बोट करत म्हणाले. "दिवा, पंखा, नळ. ही मूळ खोली. आता तुला काय लागतं ते एकेक सांगायचं, मग आपण आणू. आधीच भरून ठेवलं की माणसाला वाटतं, हे सगळं लागतंच."

मी नागपूरहून बदली होऊन लखनौला आलेली. गोमती नगरात सरकारी विमा कार्यालयाच्या कॉम्प्युटर विभागात नोकरी, आणि राहायला निशातगंजमध्ये मराठी घर मिळालं याचाच आनंद इतका की आरशाचं मी मनावर घेतलं नाही. म्हटलं, "काका, एक खिळा मात्र लागेल."

"कोण मागतंय?"

मला प्रश्नच कळला नाही. खोलीत तिसरं कोणी नव्हतं. "मीच मागतेय. आईने बुद्धाची तसबीर दिलीय, ती लावायचीय."

"अच्छा. मग ठीक आहे." त्यांनी स्वतः हातोडी आणली, पट्टीने मोजून खुणा केल्या आणि एक खिळा ठोकला. एकच. दुसरा हातात होता तो परत खिशात टाकला.

हा त्यांचा प्रश्न पुढे मी इतक्यांदा ऐकला की ऑफिसातही तो माझ्या तोंडून निघायला लागला. घरात कुठलीही वस्तू आली की काका विचारायचे, "हे कोण मागतंय?" उत्तरात एखाद्या माणसाचं किंवा कामाचं नाव यायला हवं. "असू दे, लागेल कधीतरी" हे उत्तर चालत नसे. एका लग्नात त्यांनी वाढप्याला पानातल्या तिसऱ्या चटणीबद्दल हा प्रश्न विचारला होता. तो बिचारा लखनौचा, अदबीने म्हणाला, "हुज़ूर, किसी ने नहीं माँगा, हम ख़ुद दे रहे हैं." काकांनी चटणी परत पाठवली आणि पुढचा आठवडाभर त्या वाढप्याच्या खरेपणाचं कौतुक केलं.

काकू या सगळ्याला सरावलेल्या होत्या. म्हणजे वैतागून, वैतागून सरावलेल्या. "मला बघायला आले तेव्हा पहिलं काय विचारलं, माहितीये? 'तुम्हाला संसाराला काय काय लागतं?' मी म्हटलं, यादी करून देते. चाळीस वर्षं झाली, यादी करतेच आहे, आणि हे प्रत्येक ओळीला विचारतायत कोण मागतंय."

"फ्रिज आणला की," काका म्हणायचे.

"आणला! तेरा वर्षांनी!"

दोघं मूळचे साताऱ्याकडचे. काका हवाई दलात रडार दुरुस्तीला होते. शेवटची बदली इकडे झाली, निवृत्त झाले आणि राहिले. घरात बोलणं सातारी, भाजीवाल्याशी हिंदी, आणि रागावले की दोन्हीची भेळ. माझ्या नागपुरी 'काहून'ची ते नक्कल करायचे. मी जरा उशिरा आले की दारातूनच, "काहून वो, आज लेट?"

त्यांच्या बाहेरच्या खोलीत चार जुने कॉम्प्युटर, एक टेबल आणि एक खुर्ची असे. दुसरी खुर्ची नव्हती. मी तिथे बसायला लागल्यावर पहिले काही दिवस उभी होते. मग एक दिवस त्यांनी विचारलं, "खुर्ची लागते का गं?" मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी खुर्ची आली.

त्या खोलीत ते काय करायचे ते सांगायला हवं, कारण सगळं त्याच्यावर आहे. आपण कॉम्प्युटर घेतो तेव्हा त्यातली प्रणाली तयार होऊन येते. काकांची प्रणाली तयार मिळतच नसे. जगभर विखुरलेले काही हौशी लोक ती चालवायचे, आणि ते द्यायचे फक्त तिचा मूळ मजकूर, माणसांनी लिहिलेला. तो आणायचा आणि आपल्याच मशीनकडून, आपल्याच प्रोसेसरला समजेल अशा रूपात बांधून घ्यायचा. मशीन जुनं असेल तर एकेका भागाला तास, कधी दिवस. सुरुवातीला मिळते ती अगदी उघडी मूळ प्रणाली. मशीन सुरू होतं, कीबोर्ड चालतो, फायली ठेवता येतात आणि पुढचं बांधता येतं, एवढंच. बाकी जे हवं ते एकेक मागायचं. एक मागितलं की ते खाली आणखी चार मागतं, आणि त्यातलं प्रत्येक कोणासाठी आलंय हे ही प्रणाली विचारलं तर सांगते. काकांचा प्रश्न तिथून आला की ते या प्रणालीपर्यंत त्या प्रश्नामुळे पोचले, हे मला कधी कळलं नाही. काकूंच्या मते दोघं एकमेकांसाठीच जन्माला आले होते.

"गोडा मसाला घरी करतो तसं आहे ते," काकू मला समजावायच्या. "फक्त यांच्या मसाल्याला तीन दिवस लागतात आणि शेवटी खायला काही नसतं."

एक गोष्ट मात्र मला खटकायची. इतका नेमकं तेवढंच ठेवणारा माणूस, आणि घरात चार-चार जुने डबे! ते स्वतः बाजार पालथा घालून असल्या मशीनचे सुटे भाग आणायचे. मी एकदा तोंडावर विचारलं.

"जास्तीचं आणू नये," ते म्हणाले. "आणि आणलेलं टाकू नये. यात तुला विरोध कुठं दिसला?"

"पण नवीन घेतलं तर दहा पट वेगाने..."

"वेग कोण मागतंय?"

मग त्यांनी तळावरच्या एका जुन्या रडारची गोष्ट सांगितली. वरिष्ठांनी ते मोडीत काढायचं ठरवलं होतं. काकांनी लेखी विचारलं की हे मोडीत का. उत्तर आलं, जुनं झालं म्हणून. काकांनी परत लिहिलं, जुनं झालं हे कळलं, त्याचं काम संपलं का ते कळवावं. त्या पत्राचं उत्तर त्यांना शेवटपर्यंत मिळालं नाही, पण रडारही हललं नाही. हे सांगताना ते असे खूश व्हायचे की समोरच्याला राग यावा.

पण ते सांभाळत त्यातलं सगळ्यात जुनं मशीन त्या खोलीत नव्हतंच. ते होतं हज़रतगंजच्या मागच्या अंगाला असलेल्या अंध मुलांच्या शाळेत. तिथे एक ब्रेल प्रिंटर होता, जाड कागदावर खटाखट ठिपके उठवणारा, आवाज असा की शेजारच्या वर्गात शिकवता येऊ नये. बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडलेली. प्रिंटर ज्या कार्डावरून चाले ते कार्ड फक्त त्याच जुन्या कॉम्प्युटरमध्ये बसायचं. नवीन ब्रेल प्रिंटर शाळेच्या आवाक्यात नव्हता. थोडक्यात, तो कॉम्प्युटर गेला तर प्रिंटर गेला, आणि प्रिंटर गेला तर पुस्तकं बाहेरून मागवा, जी सत्र अर्धं संपल्यावर येत.

त्या शाळेत गणित शिकवायच्या फ़रहाना मॅडम. पन्नाशीच्या, लहानपणापासून दृष्टी नाही, जीभ मात्र धारदार. स्वतःला 'हम' म्हणायच्या, आणि अतिशय अदबीने समोरच्याला गप्प करायच्या. काका गेली काही वर्षं त्यांचं मशीन सांभाळत होते. दरवर्षी गणिताचं पुस्तक ब्रेलमध्ये फिरवणारा प्रोग्राम नवा यायचा, नव्या प्रोग्रामला खाली नवी प्रणाली लागायची, आणि काका ती त्या म्हाताऱ्या मशीनवर बांधून द्यायचे.

एका एप्रिलमध्ये मी ऑफिसातून आले तर काका खोलीत उभे. बसलेले नाहीत, उभे. "वाच," म्हणाले.

त्या हौशी लोकांची सूचना होती. मजकूर साधारण असा की, अमुक जुना प्रोसेसर आता कोणी वापरत असल्याचं आढळत नाही, तो तपासायला कोणाकडे मशीनही नाही, म्हणून पुढच्या आवृत्तीपासून त्याचा सपोर्ट काढून टाकत आहोत. हरकत असेल तर कळवावं.

"कोणी वापरत नाही म्हणे! मग मॅडम कोण? कोणीच नाहीत? त्यांची पोरं? लिही यांना."

इंग्रजी माझ्याकडे होतं. मी लांबलचक, नम्र पत्र लिहिलं. काकांनी वाचायला लावलं आणि प्रत्येक वाक्याला कोण मागतंय विचारत कापत नेलं. शेवटी चार ओळी उरल्या. आम्ही वापरतो. यावर आंधळ्या मुलांची गणिताची पुस्तकं छापतो. हे मशीन आमच्याकडे आहे. काय करावं लागेल ते सांगा.

उत्तर तिसऱ्या दिवशी आलं. सभ्य होतं, पण सवलत नव्हती. नव्या आवृत्तीची पूर्ण प्रणाली त्या मशीनने स्वतः, पहिल्यापासून बांधायची. दुसऱ्या मशीनवर बांधून आणलेलं चालणार नाही, कारण पुढे नुसतं हेच मशीन हाताशी असलेल्या माणसाला ते जमलं पाहिजे. बांधल्याची नोंद पाठवायची, आणि मशीन सुरू झाल्यावरचा स्क्रीनचा फोटो, म्हणजे खरं यंत्र आहे याची खात्री. मुदत सतरा दिवस.

शाळेच्या समितीचे सचिव श्रीवास्तवजी तोवर दुसरंच ठरवून बसले होते. भले माणूस, पण त्यांना दर वर्षी तोच किस्सा ऐकायचा कंटाळा आला होता. "देखिए, जिसको बनाने वाले ही छोड़ रहे हैं, उसे हम कब तक ढोएँगे?" ते काकांना म्हणाले. ठरलं असं की सपोर्ट राहिला तर प्रिंटर राहील. नाहीतर दोन्ही भंगारात, आणि त्या खोलीत कपाटं.

फ़रहाना मॅडमच्या दहावीत त्या वर्षी नऊ मुली होत्या. गणिताचं पुस्तक बदललेलं. त्या काकांना एवढंच म्हणाल्या, "भाईसाहब, बाक़ी सब विषय सुनकर पढ़े जा सकते हैं. गणित सुनकर नहीं होता. उँगली के नीचे चाहिए."

काका मशीन ई-रिक्षात मांडीवर ठेवून घरी घेऊन आले.

पूर्ण यादी बांधायला त्या मशीनला बारा दिवस लागणार होते. मे तोंडावर आलेला, दिवसातून दोन वेळा वीज जायची, इन्व्हर्टर धापा टाकायचा. काकांनी घरातला कूलर मशीनकडे वळवला. काकूंनी ओल्या पंच्याने स्वतःचं डोकं पुसत विचारलं, "आणि मी काय मागतेय ते कोणी विचारणार का?" काकांनी बाजारात जाऊन दुसरा कूलर आणला. एका शब्दाने काही विचारलं नाही. काकू दिवसभर मला ते सांगत होत्या.

नवव्या दिवशी मी घाण केली.

खरं तर मदतच करायला गेले. रविवार होता, काका रक्तदाब तपासायला गेलेले. मशीन एका मोठ्या भागापाशी रेंगाळत होतं, दीड दिवस त्याच्यावरच. माझ्या ऑफिसच्या नव्या लॅपटॉपवर काकांचं बघून मीही हीच प्रणाली बसवली होती; त्यावर तोच भाग पाऊण तासात बांधून झाला असता. मी म्हटलं, एवढा एकच, कुणाला कळणार आहे? केला, त्याच्या खालचे चार-दोन भागही केले आणि जुन्या मशीनवर नेऊन ठेवले. पण बांधताना एका ओळीत सांगायचं असतं की कुठल्या प्रोसेसरसाठी बांधतोय. माझ्या लॅपटॉपवर त्या ओळीत लिहिलेलं असतं, 'जो इथे आहे त्याच्यासाठी.' रोजची सवय. मी ती ओळ बदलली नाही. माझ्या लॅपटॉपने आपल्या नव्या कोऱ्या प्रोसेसरला येणाऱ्या सगळ्या सूचना वापरून ते भाग बांधले, आणि त्या म्हाताऱ्याला त्यातल्या अर्ध्या कधी शिकवल्याच नव्हत्या.

मी एक कमांड दिली. मशीनने 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' एवढं म्हटलं आणि प्रोग्राम मेला. दुसरी दिली, तेच. फायलींची यादी दाखवणंही त्याला जमेना. घाबरून मी ते बंद करून सुरू केलं, आणि ते सुरूच झालं नाही.

काका आले. मी दारातच सगळं सांगितलं, रडत. लबाडीसुद्धा सांगितली, कारण ती सांगितल्याशिवाय चूक सांगता येत नव्हती.

ते खुर्चीवर बसले. ओरडले असते तर बरं झालं असतं. मग म्हणाले, "ज्याचं अन्न त्यानं आपलं आपण रांधायचं, असं ठरलं होतं ना? तू बाहेरून डबा आणलास."

"हो."

"आणि तो त्याला पचला नाही."

"हो, काका."

"बरं झालं." मी वर पाहिलं. "पचला असता तर तू मला सांगितलं नसतंस. मी खोटी नोंद पाठवली असती आणि मला कळलंही नसतं. ऊठ. तोंड धू. आठ दिवस राहिलेत, पहिल्यापासून परत बारा दिवसांचं काम आहे. यादी काढ."

त्यांचं वय तेव्हा चौऱ्याहत्तर होतं. मी तिशीतली, आणि हार मी मानली होती. त्यांनी पेन्सिलीला टोक केलं.

आम्ही कापायला बसलो. अमुक कोण मागतंय? तमुक. तमुकला कोण मागतंय? असं करत दुपारपर्यंत ते साडेनऊ दिवसांवर आणलं. त्याखाली यादी जाईना. जे उरलं होतं त्यातल्या प्रत्येकाला मागणारं कोणीतरी होतं. काका पुन्हा पुन्हा वरपासून वाचायचे, पेन्सिल टेकवायचे, उचलायचे. मशीनवर तोवर मूळ प्रणाली परत टाकून पहिले भाग पुन्हा बांधायला घेतले होते.

संध्याकाळी चारच्या सुमारास फ़रहाना मॅडम आल्या, विचारपूस करायला. काकांनी माझी चूक सांगितली नाही, 'थोडी गड़बड़ हो गई' म्हणाले. मीच सांगितली. त्या म्हणाल्या, "सच बोल देने से दिन तो नहीं बढ़ते बेटा, मगर चलिए, अच्छा किया." आणि मग, "फ़ेहरिस्त पढ़िए, हम भी तो सुनें हमारे घर में कौन-कौन रहता है."

मी यादी वाचायला लागले. काय आहे, किती वेळ घेतं, कोणासाठी. त्या मान डोलावत ऐकत होत्या. एका ठिकाणी थांबल्या.

"यह जो बड़ा वाला है, यह क्या करता है?"

काका म्हणाले, "मॅडम, वो स्क्रीन पर चित्र, खिडकियाँ, अक्षर, सब दिखाने का काम. उसके नीचे का ये सब भी उसी का है." यादीतल्या जवळजवळ अर्ध्या ओळी त्याच्याच होत्या.

"और यह कौन माँग रहा है?"

काकांनी त्या ओळीवर पेन्सिल टेकवली.

"पहले जो क्लर्क थे, वह देखकर छापते थे," मॅडम म्हणाल्या. "वह तो दो साल हुए रिटायर हो गए. अब हम छापते हैं. मशीन बोलती है, हम सुनते हैं, बटन दबाते हैं. स्क्रीन तो हमने आज तक देखी नहीं, भाईसाहब. रखी है तो सोचा, आपको अच्छी लगती होगी."

मी काकांकडे बघायला धजत नव्हते. चाळीस वर्षं बायकोला, वाढप्याला, वरिष्ठांना, मला एकच प्रश्न विचारणारा माणूस. जे मशीन वापरणाऱ्या एकालाही दिसत नाही त्याच्यावर तो गेली दोन वर्षं पाच-पाच दिवस घालवून स्क्रीन बांधत होता. स्वतःसाठी. स्वतःला दिसतं म्हणून. काकांचा चेहरा पडला तसा मी कधी पाहिला नव्हता. मग त्यांनी कपाळावर हात मारला आणि हसायला लागले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "मॅडम, मैं गधा हूँ," ते म्हणाले. "पक्का, सरकारी गधा!"

"हमने ऐसा कुछ नहीं कहा," मॅडम म्हणाल्या, आणि चहा मागितला.

डोळ्यांसाठी जे जे होतं ते सगळं गेलं. उरलं पाच दिवसांचं काम. काकांनी तर प्रणालीच्या अगदी गाभ्यातूनही स्क्रीनचा सपोर्ट काढून टाकला, साधी पांढरी अक्षरंसुद्धा नकोत. त्याने काही मिनिटंच वाचणार होती, पण लाज इतकी वाटली होती की अर्धवट ठेवणं त्यांना जमेना. मी यावेळी लॅपटॉप ऑफिसातच ठेवून यायचे. पहाटे उठून बघायचं, ऑफिसला जाण्याआधी बघायचं, मध्ये काकूंचा फोन, "अगं, ते कसलंसं सत्तावन्नावं चाललंय." वीज गेली की तिघांच्या तोंडचं पाणी पळायचं. चौथ्या दिवशी इन्व्हर्टरही बसला. मशीन बंद पडलं. काका म्हणाले, "जिथं थांबलं तिथून," आणि शेजारच्यांकडून वायर घेतली.

विजेने खाल्लेले तीन दिवस धरून, मुदत संपायच्या दिवशी दुपारी प्रणाली बांधून झाली. आम्ही मशीन शाळेत नेलं, प्रिंटर जोडला, सुरू केलं. छोट्या स्पीकरमधून घोगरा आवाज आला, मशीन तयार आहे. फ़रहाना मॅडमनी कीबोर्डवर हात ठेवला. मी नोंद पाठवायला फोन काढला, पत्र पुन्हा उघडलं आणि अटी परत वाचल्या.

"काका. स्क्रीनचा फोटो मागितलाय."

स्क्रीन जोडून उपयोग नव्हता. मशीनला आता स्क्रीन माहीतच नव्हती. गाभा परत बांधायचा तर सहा तास, आणि हातात दोन. काका भिंतीला टेकून उभे राहिले. पहिल्यांदाच मला ते म्हातारे दिसले.

"क्या चाहिए उन्हें?" मॅडमनी विचारलं.

मी सांगितलं. मशीन सुरू झाल्यावर काय म्हणतं ते दिसायला हवं.

"तो मशीन को जो कहना है, काग़ज़ पर कह दे. प्रिंटर किसलिए है?"

त्यांनी चार कमांड दिल्या आणि प्रिंटर सुटला. शेजारच्या वर्गातून मुली धावत आल्या, आवाजावरून त्यांना कळलं होतं. मशीनने प्रोसेसरचं नाव, आवृत्ती, तारीख, सुरू होताना केलेलं एकेक काम, सगळं ठिपक्यांत उठवलं. मॅडमनी पानावरून बोटं फिरवली, जवळजवळ मिनिटभर. "सब ठीक है. भेजिए." काकांनी तो कागद खिडकीपाशी धरला, ऊन तिरपं पडेल असा, म्हणजे प्रत्येक ठिपक्याची सावली दिसावी. मागे प्रिंटर, उघडं मशीन. मी फोटो काढला आणि खाली लिहिलं की या मशीनला स्क्रीन नाही, कारण वापरणाऱ्यांना ती लागत नाही.

दहा दिवस काही उत्तर आलं नाही. नवी आवृत्ती लांबली होती. श्रीवास्तवजींनी भंगारवाल्याला शनिवारी बोलावून ठेवलं. "शनिवार म्हणजे शनिवार," काका म्हणाले, आणि शुक्रवारपर्यंत रोज दुपारी शाळेत जाऊन मॅडमबरोबर गणिताची पानं छापत बसले. जितकी होतील तितकी.

शुक्रवारी मी उत्तर शाळेतच वाचून दाखवलं, आधी मराठीत, मग हिंदीत. तिकडच्या एका माणसाने लिहिलं होतं की आमच्यात ब्रेल कोणाला येत नाही, म्हणून मी तक्ता समोर ठेवून तुमचा फोटो एकेक ठिपका बघत उतरवला. दोन दिवस लागले. सगळं नोंदीशी जुळतं. सपोर्ट काढत नाही. यापुढे प्रत्येक आवृत्ती या प्रोसेसरवर कोण तपासणार, त्याचं नाव यादीत घालायचं आहे, ते कळवा.

"दो दिन!" फ़रहाना मॅडम म्हणाल्या. "एक पन्ने में! हमारी तीसरी क्लास की बच्ची दो मिनट में पढ़ लेती!" आणि त्यांनी ते उत्तर मला पुन्हा वाचायला लावलं.

मी काकांचं नाव टाइप करायला घेतलं. त्यांनी माझा हात धरला. "माझं नाव घालून किती वर्षं चालवणार? परत एक दिवस लिहितील, कोणी वापरत नाही." ते मॅडमकडे वळले. "मॅडम, आपका नाम लिख रहा हूँ. बनाना मैं सिखा दूँगा. सब बोलकर होता है, देखना कुछ नहीं पड़ता."

"हमसे होगा?"

"गणित से आसान है."

त्यांनी दोन वर्षं शिकवलं, दर शनिवारी. मग एका हिवाळ्यात काका गेले, आणि माझी बदली परत नागपूरला झाली. ती प्रणाली अजून निघते. प्रत्येक आवृत्तीबरोबर प्रोसेसरांची यादी येते आणि प्रत्येकापुढे तपासणाऱ्याचं नाव. नव्या, वेगवान प्रोसेसरांपुढे बरीच नावं असतात. अगदी तळाशी त्या म्हाताऱ्याची ओळ असते, आणि तिच्यापुढे एकच नाव, फ़रहाना, लखनौ.